गांव केव्हां उघडेल?

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली, तेव्हांपासून ती केव्हां उठेल हा प्रश्न घरोघरीं विचारला जाऊं लागला. भाजीपाला कोणाच्या हुकुमाची वाट पाहत नाहीं. बाजार मिळाला नाहीं तर तो शेतांतच सडतो. म्हणून लोकांचा त्रागा अकारण होता असें म्हणवत नाहीं.

७ जून २०२१ रोजीं जिल्ह्यांचे पांच स्तर ठरून निर्बंध सैल झाले. त्यांत अहमदनगर, म्हणजे आतांचा अहिल्यानगर जिल्हा, पहिल्या म्हणजे सर्वांत मोकळ्या स्तरांत आला व आशा पल्लवित झाली. परंतु ४ ऑक्टोबरपासून रुग्ण अधिक असलेलीं ६१ गांवें जिल्हाधिकाऱ्यांनीं पुन्हां दहा दिवस बंद केलीं. त्यांपैकीं २४ एकट्या संगमनेर तालुक्यांतील. त्याच आठवड्यांत, ७ ऑक्टोबरला, शिर्डीचें मंदिर मात्र उघडलें. देवद्वार मोकळें आणि गांवची वेस बंद, हें कोणासही बोंचणारच.

तथापि याच जिल्ह्यांतील हिवरे बाजारचें उदाहरण विचार करण्याजोगें आहे. श्री. पोपटराव पवार यांच्या पुढाकारानें तेथें पथकें नेमून घरोघर चौकशी झाली, रोगी वेळींच निराळे ठेविले गेले, आणि मे २०२१ मध्यें गांव कोरोनामुक्त झालें.

वाचकहो, निर्बंध केवळ तक्रारीनें उठत नाहींत. रोगी लवकर ओळखिल्यानें उठतात. पुढें सांथ आलीच, तर गांवानें पहिल्याच दिवशीं पथक नेमावें. आणि सरकारनेंही शेतमालाची वाट मोकळी ठेवावी, एवढी मागणी रास्तच होय.