केवडा
(हिं. केवडा, गु. केवडो, सं. केतकी, लॅ. पँडॅनस ओडोरिफर, कुल-पँडॅनेसी). समुद्रकिनारा, खाड्यांची तोंडे व ओढ्याकाठची दलदल अशा जागी वाढणारे हे एकदलिकित, सदापर्णी मोठे झुडूप भारताच्या दोन्ही किनाऱ्यांवर मूळचेच आहे. उंची ३–६ मी.; खोडाला खालच्या भागात जाड आधार-मुळे फुटतात व त्यांच्या जाळ्यात वाळू अडून राहते. पाने चिवट, तलवारीसारखी, सु. १–१.५ मी. लांब, मळसूत्राप्रमाणे मांडलेली असून त्यांच्या कडांवर व मध्यशिरेवर काटे असतात.

झाड विभक्तलिंगी आहे आणि लागवडीचे यश मुख्यतः याच गोष्टीवर अवलंबून असते. भाद्रपदात बाजारात येणारा केवडा म्हणजे नर-झाडाचा फुलोरा (स्थूलकणिश) व त्याभोवतीचे पिवळसर पांढरे, सुगंधी महाछद होत. स्त्री-झाडाच्या फुलोऱ्यास वास जवळजवळ नसतो. त्यापासून अननसासारखे, पिकल्यावर नारिंगी-तांबडे होणारे संयुक्त फळ बनते. बियांपासून आलेले रोप नर की स्त्री, हे फुलोरा येईपर्यंत कळत नाही. म्हणून सुगंधासाठी लावणी करताना, फुललेले पाहून खात्री केलेल्या नर-झाडाचेच मुनवे (अधश्चर) किंवा छाट कलमे पावसाळ्याच्या आरंभी लावतात. झुडूप चहूबाजूंनी पसरत असल्याने दोन रोपांत निदान ३ मी. अंतर हवे. सु. ३–४ वर्षांनी फुलोरे येऊ लागतात. बांध, कुंपण व ओढ्याचा काठ या जागा उत्तम. वाटेच्या कडेस काटेरी पानांचा उपद्रव होतो. सुगंधाने साप येतात ही समजूत सर्वत्र आहे. परंतु दाट जाळीत उंदीर-बेडकांना आसरा मिळतो, हे कारण अधिक पटण्यासारखे आहे.

ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यात केवड्याची कुंपणे हे उत्पन्नाचे साधन आहे. वास लवकर उडत असल्याने पहाटे काढलेले फुलोरे लगेच तांब्याच्या भांड्यांत ऊर्ध्वपातित करतात. वाफ चंदनाच्या तेलात धरली म्हणजे अत्तर मिळते.

किनाऱ्याची धूप रोखण्यासाठी लागवड करावयाची असल्यास मात्र केवळ नर-झाडे निवडणे चुकीचे ठरते. फळांचे सुटे भाग पाण्यावर तरंगत दूर जाऊन रुजतात. स्त्री-झाडे वगळल्यास हा नैसर्गिक प्रसार थांबतो. अशा ठिकाणी दोन्ही प्रकारची झाडे मिसळून लावावीत व जुनी जाळी तोडू नये.