मुळशीचे खोरे : बुडालेले गाव आणि गावाबाहेरची वस्ती

खेड्याची माहिती लिहिण्याची आपल्याकडे एक ठरलेली पद्धत आहे. गावाचे नाव, नदी, डोंगर, पिके, ग्रामदैवत, यात्रा, घराणी आणि शाळा यांची नोंद झाली की गावाचे वर्णन पूर्ण झाले असे मानले जाते. या वर्णनात गावाबाहेरची वस्ती आलीच तर एखाद्या ओळीत येते. म्हणून एक साधा प्रश्न आम्ही येथे विचारात घेत आहोत. गाव नाहीसे होते तेव्हा नेमके कोणाचे काय जाते, आणि त्यापैकी कशाची नोंद होते? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी पुणे जिल्ह्यातील मुळशीच्या खोऱ्याइतके बोलके उदाहरण क्वचितच मिळेल.

खोऱ्यातील गावाची घडण

मुळशी तालुका पुण्याच्या पश्चिमेस असून त्याचे मुख्य ठिकाण पौड आहे. सह्याद्रीच्या माथ्यापासून पूर्वेकडे उतरणाऱ्या खोऱ्यांचा हा मावळ मुलूख. ताम्हिणीच्या बाजूस पावसाळ्यात इतका पाऊस पडतो की सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत तिची गणना होते. त्याच तालुक्याच्या पूर्व भागात मात्र पाऊस बेताचा असतो. खोऱ्याच्या तळाशी भाताची खाचरे आणि उतारावर नाचणी व वरी पिकविणारी वरकस जमीन, ही येथील जुनी शेती. उन्हाळ्यात राब भाजायचा, पहिल्या पावसात रोपे तयार करायची, आणि आषाढात डोक्यावर इरले घेऊन आवणी करायची, असा कामाचा क्रम असे. येथील आंबेमोहर तांदळाचा लौकिक पुण्याच्या बाजारात मोठा होता.

गावाच्या जमिनीचे दोन भाग मानले जात. वस्तीची ती पांढरी आणि शेतीची ती काळी. परंतु पांढरीतही सर्वांना जागा नव्हती. महारवाडा गावकुसाबाहेर असे. महाराष्ट्रातील इतर खेड्यांप्रमाणे मावळातील खेड्यांची बांधणीही याच नियमाने झाली होती. येसकराची पाळी, सरकारी सांगावा पोहोचविणे, मेलेली गुरे ओढणे, सरपण फोडणे, आल्यागेल्या अंमलदाराची सेवा करणे, ही कामे महारांच्या वतनात मोडत. गावाची शीव दाखविणे हेही त्यांचेच काम होते. दोन गावांत हद्दीचा तंटा उभा राहिला की महाराची साक्ष महत्त्वाची ठरे. गावाची हद्द ज्याला तोंडपाठ होती, त्याला गावाच्या आत मात्र जागा नव्हती.

या सेवेबद्दल मिळे ते बलुते, आणि हाडकी-हाडोळा म्हणून ओळखली जाणारी इनामी जमीन. ही जमीन समाईक असे. पिढ्या वाढत गेल्या तसे तिचे हिस्से इतके लहान झाले की त्यावर कुटुंबाचे पोट भरणे अशक्य झाले. बलुते तर शेतकऱ्याच्या मर्जीवर अवलंबून होते. सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी धन्याची कर्तव्ये सांगितली आहेत. सेवकास त्याच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात त्याची काळजी घ्यावी, असा तो उपदेश आहे. वतनात काम ठरलेले होते, पण त्याला मर्यादा नव्हती. आणि मोबदला होता, पण तो वेतन नव्हता. वतनदार हा शब्द मानाचा वाटला तरी महारांच्या बाबतीत वतन हे गुलामगिरीचेच एक रूप होते, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओळखले होते.

धरण आणि सत्याग्रह

नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधून ते पाणी पश्चिमेकडे वळवायचे, सह्याद्रीच्या कड्यावरून खाली सोडायचे आणि भिरा येथे वीज निर्माण करायची, अशी टाटा कंपनीची योजना होती. ही वीज मुंबईच्या गिरण्या आणि रेल्वे यांसाठी हवी होती. या जलाशयाखाली खोऱ्यातील सुमारे पन्नास गावे जाणार होती. त्याविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी सत्याग्रह सुरू झाला. सेनापती पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे त्याचे प्रमुख नेते होत. मावळ्यांनी तुरुंगवास सोसला, स्त्रियाही पुढे आल्या. अखेर १९२४ मध्ये बापटांनी रेल्वे अडविण्याचा मार्ग पत्करला व त्यांना दीर्घ कारावासाची शिक्षा झाली. धरण मात्र थांबले नाही.

धरणविरोधी लढ्यांच्या जगाच्या इतिहासात या सत्याग्रहाला आरंभीचे स्थान आहे. सामान्य मावळ्याने केलेला त्याग थोर होता, याविषयी आमच्या मनात शंका नाही. तरीही त्या लढ्याची घोषणा काय होती ते पाहिले पाहिजे. ‘जान किंवा जमीन’ ही ती घोषणा. जमिनीसाठी प्राण देण्याची भाषा ज्याची जमीन आहे त्याच्या तोंडी शोभते. ज्याची स्वतःची म्हणावी अशी जमीनच नव्हती, त्याने काय मागायचे होते?

प्रा. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहाचा जो सखोल अभ्यास केला, त्यातून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. खोऱ्यातील पुष्कळशी जमीन पुण्याच्या सावकारांच्या हाती गेलेली होती, आणि मोबदल्याची भाषा सुरू होताच या वर्गाचे मन लढ्यापेक्षा मोबदल्याकडे वळले. म्हणजे एकाच गावातील एकाच जमिनीवर तिघांचे जीवन अवलंबून होते. कागदावर ती सावकाराच्या हाती, कष्ट कुळाचे, आणि खळ्यावरचे बलुते महाराचे. भूसंपादनाचा त्या काळचा कायदा १८९४ चा होता. तो जमीन आणि जमिनीतील हितसंबंध यांची किंमत ठरवीत असे. बलुत्याचा हक्क जमिनीच्या तुकड्याशी नव्हे, तर गावाशी बांधलेला होता. गाव मोडले की तो हक्क मोडला. त्याची किंमत ठरविणारा रकाना सरकारच्या तक्त्यात नव्हता. शीव दाखविणाऱ्याची शीवच पाण्याखाली गेली.

एकाच वर्षीचे दोन प्रसंग

भिऱ्याचे वीजगृह १९२७ मध्ये सुरू झाले. भिरा त्या वेळच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात आहे. याच वर्षी, याच जिल्ह्यात, २० मार्च रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी सहस्रावधी अनुयायांसह पाणी प्राशन केले. घाटमाथ्यावरचे एक संपूर्ण खोरे भरेल एवढे पाणी यंत्रासाठी डोंगर फोडून कुलाब्यात आणता आले. पण त्याच कुलाब्यात माणसाला सार्वजनिक तळ्यातील ओंजळभर पाणी घेण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. दोन्ही लढे पाण्याशी निगडित होते, पण दोहोंतील ‘गाव’ एक नव्हते. मुळशीत गाव वाचविण्याचा प्रश्न होता. महाडात गावाच्या बंधनातून माणूस सोडविण्याचा प्रश्न होता.

पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतनविषयक कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले. बलुत्याचे पैशात रूपांतर व्हावे, महारांची कामे कायद्याने निश्चित व्हावीत, आणि ज्यांना वतनाच्या सेवेतून मुक्त व्हायचे असेल त्यांना पूर्ण आकार भरून जमीन स्वतःकडे ठेवता यावी, असा त्याचा आशय होता. विधेयक अखेर मागे घ्यावे लागले. परंतु गावाच्या उत्पन्नात आपला वाटा किती, तो कोणत्या नात्याने, हा प्रश्न त्यांनी प्रथमच कायद्याच्या भाषेत उभा केला. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना त्यांनी खेड्याच्या गौरवाचे जे खंडन केले, त्याच्या मागे हा सर्व अनुभव होता. संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयता यांचे आगर असलेल्या खेड्यास नव्हे, तर व्यक्तीस त्यांनी राज्यघटनेचा घटक मानले.

नोंदीचा जुना दोष

हा दोष ब्रिटिश काळातच निर्माण झाला असे मात्र नाही. मुळशीच्या उत्तरेस जवळच कार्ले येथील लेणी आहेत. तेथील शिलालेखांत, नहपानाचा जावई उषवदात याने करजिक नावाचे गाव वलूरक लेण्यातील भिक्षूंच्या वर्षावासाच्या निर्वाहासाठी दान दिल्याची नोंद आहे. पुढे सातवाहनांच्या आज्ञेने हे दान कायम झाले, आणि ती आज्ञा ‘मामल’ येथील अमात्यास उद्देशून आहे. मामल म्हणजेच मावळ, असे विद्वान मानतात. मावळातील खेड्याच्या लेखी इतिहासाचा हा एक प्रारंभबिंदू आहे, आणि भिक्षूंमध्ये पंथाचा वा देशाचा भेद न करता हे दान दिले गेले, हे त्याचे वैशिष्ट्य आहे. परंतु त्या लेखात देणाऱ्याचे नाव आहे, घेणाऱ्या संघाचे नाव आहे. करजिकात राबणाऱ्या माणसाचे नाव नाही. आपल्या परंपरेचा अभिमान बाळगताना हेही आपण निर्भयपणे पाहिले पाहिजे.

बौद्ध देशातील खेडेही या दोषापासून सर्वस्वी मुक्त राहिले नाही. बाबासाहेब मे १९५० मध्ये श्रीलंकेतील बौद्ध परिषदेस गेले होते. त्या बेटाच्या कोरड्या प्रदेशात तलाव, भातशेती आणि स्तूप या तिहींभोवती खेडे वसलेले असे, म्हणजे पाणी गावासाठी अडविले जाई. तरीही अठराव्या शतकात तेथील सियाम निकायाची उपसंपदा गोविगम या शेतकरी जातीपुरती मर्यादित झाली, आणि इतर जातींतील उपासकांना ब्रह्मदेशातून उपसंपदा आणून अमरपुर निकाय स्थापावा लागला. पुढे १९८५ मध्ये बेटाच्या अंतर्भागातील डोंगराळ प्रदेशात कोतमले धरण पूर्ण झाले, तेव्हा खेड्यांबरोबर विहारही पाण्याखाली गेले. त्यांच्या स्मरणार्थ तेथे महावेली महासेय हा भव्य स्तूप उभारण्यात आला. गेलेल्या गावाची आठवण समाजाने जपावी, हा त्यातून घेण्यासारखा धडा आहे.

आजची मुळशी

आज मुळशीचे पाणी भिऱ्याकडे जातेच आहे. तालुक्याच्या पूर्वेस हिंजवडीची संगणक-उद्योगनगरी उभी राहिली, मोसे खोऱ्यात दासवे येथे लवासाची उभारणी झाली आणि ती कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. जमीन विकून देशोधडीला लागलेल्या शेतकऱ्याची व्यथा २०१८ च्या ‘मुळशी पॅटर्न’ या चित्रपटाने घरोघरी पोहोचविली. ही व्यथा खरी आहे. पण तिचाही नायक जमीनधारकच आहे.

या शंभर वर्षांत कायदा काही पावले पुढे आला. कनिष्ठ ग्राम वतने १९५८ च्या मुंबई कायद्याने रद्द झाली. वतनी जमीन कब्जाहक्काची रक्कम भरून वतनदारांना परत देण्याची तरतूद झाली, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून ती हस्तांतरित करता येणार नाही अशी अट घातली गेली. ज्यांनी ही अट समजून घेतली नाही त्यांची जमीन धोक्यात येते. म्हणून आपला सातबारा आणि त्यावरील शर्त प्रत्येक कुटुंबाने पाहिलीच पाहिजे. केंद्राच्या २०१३ च्या भूसंपादन कायद्याने तर शेतमजूर, कूळ आणि कारागीर यांनाही, ते संपादनापूर्वी तीन वर्षे त्या भागात राबत असतील व त्यांची उपजीविका बाधित होत असेल तर, बाधित कुटुंब म्हणून मान्यता दिली. बलुतेदाराच्या ज्या नुकसानीस १९२१ मध्ये रकानाच नव्हता, तो रकाना सुमारे नव्वद वर्षांनी निर्माण झाला. मात्र त्या रकान्यात नाव लागण्यासाठी पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणजे पुन्हा नोंदच.

म्हणूनच आमची सूचना आहे की प्रत्येक विहाराने आपल्या गावाची माहिती आपल्या बाजूने लिहून ठेवावी. वस्ती मूळ कोठे होती, हाडकी-हाडोळ्याचे गट क्रमांक कोणते, जुने फेरफार काय सांगतात, पाण्याची जागा कोणती होती, मेलेली गुरे ओढण्याचे काम कोणत्या वर्षी व कोणाच्या पुढाकाराने बंद झाले, धम्मदीक्षेस गावातून कोण गेले, विहार केव्हा उभा राहिला, मुंबई-पुण्यास कोण कोणत्या कामावर गेले, हे सर्व वृद्ध माणसे हयात आहेत तोवर विचारून घ्यावे. वर्षावासाचे तीन महिने ग्रंथवाचनासाठी आपण विहारात जमतोच. त्यातील एक दिवस या कामास दिला तरी पुरेसे आहे. सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख लिहावी, ऐकीव व कागदोपत्री माहिती वेगळी ठेवावी, आणि एक प्रत विहारात जपावी. स्मृती म्हणजे जागरूकता, असे धम्म शिकवितो. आपल्या गावाविषयीची ही जागरूकता ठेवली, तर पुढे कोणी गावाची माहिती लिहील तेव्हा गावाबाहेरच्या वस्तीसाठी त्याला एक ओळ पुरणार नाही.