माशालाही धाप लागते!

तोंडाला मास्क लावून ट्रेडमिलवर धावणारा खेळाडू तुम्ही रील्समध्ये पाहिला असेलच. धावताना तो जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरतो, यावरून त्याचा स्टॅमिना कळतो. अशीच टेस्ट माशांचीही होते. फक्त मास्कच्या जागी असतो पाण्याने भरलेला बंद डबा. त्याचं नाव रेस्पिरोमीटर.

मासा आत, झाकण बंद. पाण्यातला ऑक्सिजन किती वेगाने कमी होतोय, ते सेन्सर सांगतो. काही मिनिटांनी ताजं पाणी सोडायचं आणि पुन्हा मोजायचं. हे रात्रभर चालतं. मासा अगदी शांत असतानाचा आकडा म्हणजे नुसतं जगण्याचा खर्च. मग त्याला पार दमेपर्यंत पळवायचं. तेव्हाचा आकडा म्हणजे त्याची कमाल. या दोन्हींतला फरक म्हणजे ‘एरोबिक स्कोप’. कॅनडाचे शास्त्रज्ञ एफ. ई. जे. फ्राय यांनी ही कल्पना १९४७ मध्ये मांडली.

सोप्या भाषेत, हा माशाचा पॉकेटमनी! रूमचं भाडं आणि मेसचे पैसे गेल्यावर आपल्या हातात उरतात ना, तसा. शिकाऱ्यापासून पळणं, खाल्लेलं पचवणं, वाढणं, अंडी तयार करणं, सगळं यातूनच भागवायचं.

आता पाण्यात नायट्रोजनचे बुडबुडे सोडून ऑक्सिजन कमी करत गेलं तर? जगण्याचा खर्च तेवढाच राहतो, पण कमाल खाली येत जाते. पॉकेटमनी आटतो. शेवटी दोन्ही आकडे एकमेकांना भिडतात. त्याच्याही खाली गेलं, तर मासा फार वेळ तग धरत नाही.

हे फक्त लॅबपुरतं नाही. कॅनडातल्या सेंट लॉरेन्स नदीच्या मुखाकडे खोल पाण्यातला ऑक्सिजन १९३० च्या दशकाच्या तुलनेत निम्म्याहूनही खाली आलाय. त्या भागातल्या कॉड माशांवर प्रयोग झाले. पाण्यात जास्तीत जास्त जेवढा ऑक्सिजन मावतो, त्याच्या साधारण ७० टक्क्यांखाली गेल्यावर कॉडचं खाणं आणि वाढ मंदावली. मासे मरायला लागले ते मात्र ३० टक्क्यांच्याही खाली.

या दोन आकड्यांच्या मधल्या पाण्यात एकही मासा मेलेला दिसणार नाही. सगळं ओके वाटेल. पण आतले मासे कमी खात असतील, कमी वाढत असतील. मेलेले मासे तरंगायला लागले की बातमी होते. त्याआधीची धाप ऐकायची असेल, तर हा बंद डबाच कामाला येतो.