मूल निवडायचं, पण कुठवर?

"ताई, आता म्हणे मूल पाहिजे तसं करून मिळतं. खरं का?" संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला चाकणच्या एका मैत्रिणीने विचारलं आणि वाण लुटायचं राहिलं बाजूला. कुणाला गोरं मूल हवं होतं, कुणाला उंच, कुणाला इंजिनीअर होईल असं. कोपऱ्यातल्या एक आजी म्हणाल्या, "ते राहू द्या. मुलगाच करून मिळतो का, तेवढं सांगा." सगळ्या हसल्या. पण खरा प्रश्न आजींनीच विचारला होता.

मैत्रिणींनो, पाहिजे तसं मूल अजून कुठेच करून मिळत नाही. होतं ते एवढंच. टेस्ट ट्यूब पद्धतीने प्रयोगशाळेत काही गर्भ वाढवतात, पाचव्या-सहाव्या दिवशी प्रत्येकाच्या थोड्या पेशी काढून तपासतात आणि त्यातला एक निवडून आईच्या गर्भाशयात ठेवतात. म्हणजे घडवणं नाही, निवडणं. उंची, बुद्धी या गोष्टी हजारो जनुकांच्या मेळातून ठरतात, शिवाय घर, आहार, शाळा आहेच. गर्भाच्या बुद्धीचं भाकीत सांगू म्हणणाऱ्या कंपन्या अमेरिकेत निघाल्या आहेत, पण ते भाकीत फार कच्चं आहे. चीनमधल्या हे जियानकुई या शास्त्रज्ञाने मात्र गर्भाच्या जनुकातच बदल केला. एचआयव्हीची लागण होऊ नये, हा त्याचा हेतू. २०१८ मध्ये जुळ्या मुली जन्मल्याचं त्याने जाहीर केलं, जगभर गदारोळ झाला आणि २०१९ च्या अखेरीस त्याला तीन वर्षांची कैद झाली.

चीन लांब राहिला. निवडानिवड आपल्या दारात केव्हाच आली आहे. गर्भलिंग चाचणीवर देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये आपल्या महाराष्ट्राने केला, तो इथल्या बायकांनी आणि कार्यकर्त्यांनी आवाज उठवला म्हणून. १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. तरी राज्यात सहा वर्षांच्या आतल्या हजार मुलग्यांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या, त्या २००१ मध्ये ९१३ झाल्या आणि २०११ मध्ये ८९४. हा आकडा अडाणी, गरीब घरांमुळे घसरला असं कुणी म्हणू नये. सोनोग्राफीला पैसे लागतात.

२००३ मध्ये कायदा बदलला आणि गर्भ राहण्याआधी लिंग निवडण्यावरही बंदी आली. मग एक दाम्पत्य मुंबई उच्च न्यायालयात गेलं. त्यांना दोन मुली होत्या. आम्ही कुणाचा जीव घेत नाही, कुटुंबात समतोल हवा म्हणून फक्त मुलगा निवडतो, असं त्यांचं म्हणणं. ऐकायला किती गोड! २००७ मध्ये न्यायालयाने ते फेटाळलं. मला यातला 'समतोल' हा शब्द फार खटकतो. दोन मुलगे असलेलं जोडपं समतोलासाठी कोर्टात गेल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

मग निवडणं सरसकट वाईटच का? इथे मला थांबावं लागतं. पिंपरी कॅम्पात फाळणीनंतर सिंधी कुटुंबं वसली. त्या समाजात थॅलेसेमियाचे वाहक जास्त आढळतात, पण हा आजार जात-भाषा पाहून येत नाही, मराठी घरांतही येतो. आई-बाबा दोघंही वाहक असतील तर दर बाळंतपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक. अशा लेकराला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, वर साठणारं लोह काढायची औषधं जन्मभर. माझ्या ओळखीतली एक आई पहिल्या मुलाला घेऊन वर्षानुवर्षं रक्तपेढीच्या चकरा मारते आहे. दुसऱ्या खेपेला तिने अकराव्या आठवड्यात वारेचा अंश तपासून घेतला. रिपोर्ट येईपर्यंत तिने पोटावर हात ठेवला नाही. "माया लागली तर काय करू?" म्हणाली. तिला कुणी नीतीचे धडे द्यावेत असं मला वाटत नाही. (बाळ नुसतं वाहक निघालं. धाकटी आता शाळेत जाते.)

२०२१ चा सहाय्यक प्रजननाचा कायदाही हेच धरून आहे. गर्भाची जनुकीय तपासणी करायची ती ठरावीक आनुवंशिक आजारांसाठीच, मुलगा-मुलगी निवडण्यासाठी नाही.

पण रेघ इतकी सरळ नसते. हे सगळं मी गटात सांगत होते, तेव्हा एक वहिनी गप्प होत्या. त्यांचा मुलगा डाऊन सिंड्रोमचा. निघताना म्हणाल्या, "म्हणजे आमचा बाळू यायलाच नको होता, असंच ना?" मी त्यांना काही उत्तर देऊ शकले नाही. आमच्याकडे घराघरात कुणीतरी कंपनीत क्वालिटीला असतं. गेजमध्ये बसला नाही की पार्ट रिजेक्ट. लेकरांना ते गेज कोण लावणार?

'युगान्त'वाल्या इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला शिकायला गेल्या, तेव्हा त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर होते, वंशशुद्धीचे मोठे पुरस्कर्ते. युरोपियनांची कवटी वेगळी असते, हे सिद्ध व्हावं ही त्यांची इच्छा. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि तसा फरक दिसत नाही, असं प्रबंधात लिहून दिलं. परक्या देशात, गुरूच्या तोंडावर! पुढे त्याच विचारातून १९३३ मध्ये जर्मनीत 'आनुवंशिक रोगी' ठरवलेल्यांच्या सक्तीच्या नसबंदीचा कायदा झाला. आज सक्ती नाही. आज सासूबाईंची इच्छा आहे, नातेवाइकांचं "एक तरी मुलगा हवाच" आहे, आणि 'निर्णय तिचाच होता' असं म्हणायला सगळे मोकळे.

आमच्या गटाने मात्र एक ठरवलं. लग्नाची बोलणी सुरू झाली की पत्रिकेबरोबर हिमोग्लोबिन ए-टूचा रिपोर्टही मागायचा. साधी रक्ताची तपासणी आहे. लगेच एक सासूबाई म्हणाल्या, "बरोबर आहे, मुलीची करून घेतलीच पाहिजे." मी म्हटलं, "मावशी, आधी तुमच्या मुलाची करू."