कुपीतील इन्सुलिन कोठून येते?

मधुमेही रुग्णाला इन्सुलिन सुरू करण्याचा सल्ला मिळाला, की जैन घरांत एक शंका हमखास उपस्थित होते: हे औषध प्राण्यांपासून तर बनत नाही ना? शंका निराधार नाही. १९२२ मध्ये टोरांटो येथे इन्सुलिनचा पहिला यशस्वी उपचार झाला. त्यानंतर सुमारे साठ वर्षे हे औषध कत्तलखान्यांतून आणलेल्या गाई-डुकरांच्या स्वादुपिंडांतूनच काढले जात होते. ही परिस्थिती का पालटली, हे समजण्यासाठी पेशीचा अंतर्गत कारभार पाहावा लागतो.

इन्सुलिन हे एक प्रथिन आहे. प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांचे मणी ठरावीक क्रमाने ओवलेली माळ. हा क्रम डीएनएमध्ये नोंदलेला असतो. ही मूळ चोपडी पेशीकेंद्राच्या तिजोरीतून सहसा बाहेर येत नाही. हव्या त्या पानाची नक्कल, म्हणजे संदेशवाहक आरएनए, तेवढी बाहेर पाठवली जाते. रायबोसोम नावाचा कारागीर ती नक्कल तीन-तीन अक्षरांनी वाचतो. अक्षरे चारच, म्हणून शब्द होतात ६४. त्यांतील ६१ अमिनो आम्ले दर्शवतात, तर तीन ‘येथे थांबा’ असे बजावतात. ही लिपी उलगडण्यातील वाट्याबद्दल हरगोविंद खोराना यांना १९६८ चे, तर रायबोसोमची रचना उकलल्याबद्दल बडोद्यात शिकलेल्या वेंकटरामन रामकृष्णन यांना २००९ चे नोबेल पारितोषिक इतरांसमवेत मिळाले.

माळ ओवून झाली, तरी इन्सुलिन तयार होत नाही. प्रथम ११० मण्यांची माळ बनते. तिच्या आरंभीचे २४ मणी गळतात, उरलेली माळ दुमडते, गंधकाचे तीन बंध तिला आवळून धरतात आणि मधला तुकडा कापला जातो. शेवटी २१ व ३० मण्यांच्या दोन जोडलेल्या साखळ्या उरतात. मानवी इन्सुलिनहून डुकराचे इन्सुलिन एकाच मण्याने आणि गाईचे तीन मण्यांनी वेगळे असते. म्हणूनच ती माणसाला चालत असत.

कलाटणी मिळाली ती वेगळ्याच गोष्टीमुळे. पेशीची ही लिपी माणसापासून जिवाणूपर्यंत जवळजवळ एकच आहे. साहजिकच, माणसाच्या इन्सुलिनची आज्ञा जिवाणूला दिली, तर तोही ती वाचू शकतो. कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये हे सिद्ध केले, आणि १९८२ मध्ये असे इन्सुलिन अमेरिकेत औषध म्हणून मान्य झाले. बंगळुरूच्या बायोकॉन कंपनीने २००४ मध्ये यीस्टच्या पेशींत बनवलेले मानवी इन्सुलिन भारतात आणले.

जिवाणू आणि यीस्ट हेही जीवच आहेत. त्यामुळे सूक्ष्म जीवांचाही विचार करणाऱ्या दर्शनाच्या कसोटीवर प्रश्न पूर्णतः मिटला, असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. परंतु एका औषधासाठी पंचेंद्रिय प्राण्यांच्या अवयवांवर विसंबून राहण्याची गरज आता उरलेली नाही, ही गोष्ट लहान नव्हे.

आज मिळणाऱ्या बहुतेक कुप्यांवर व पेनांवर ‘आर-डीएनए ओरिजिन’ असे छापलेले असते. ते पाहून शंका घरीच फिटते. ज्यांना इन्सुलिन आवश्यक आहे, त्यांनी केवळ शंकेपोटी ते कधीही बंद करू नये. पर्युषणातील उपवासांपूर्वीही मात्रेविषयी डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे.