सशाच्या मादीचं ऑपरेशन कशाला?

‘दोन्ही माद्याच आहेत’ म्हणून बाजारातून आणलेली सशांची जोडी विरारच्या वन बीएचकेमध्ये पाच-सहा महिन्यांत घोटाळा करते. लहान पिल्लांत नर-मादी ओळखताना जाणकारही फसतात. मादी महिन्याभरात विते आणि व्यायल्या दिवशीच पुन्हा गाभण राहू शकते. मग पिल्लं खपवायला नालासोपाऱ्यापासून डहाणूपर्यंतचे नातेवाईक पुरत नाहीत.

तरी नसबंदीचं हे दुय्यम कारण. खरी भीती गर्भाशयाच्या कर्करोगाची. चार वर्षांपुढच्या, नसबंदी न झालेल्या माद्यांमध्ये काही जातींत हे प्रमाण निम्म्याहून अधिक आढळलं आहे. ससा दुखणं लपवतो. लघवीत रक्त दिसलं तरी घरचे बीट-गाजराला दोष देऊन मोकळे होतात. त्यांचंही चूक नाही, खाण्यातल्या रंगद्रव्यांनी सशाची लघवी एरवीही लालसर होते. म्हणूनच तपासणी हवी. उशीर झाला तर गाठ फुप्फुसांपर्यंत पोचते. सहा महिन्यांच्या आसपास अंडाशय आणि गर्भाशय काढून टाकलं की ही भीती उरत नाही.

नराचं ऑपरेशन त्यामानाने सोपं. मुतून हद्द आखणं, भांडणं कमी होतात. मात्र नंतरही सहा आठवड्यांपर्यंत तो बाप होऊ शकतो. तोवर पिंजरे वेगळे.

डॉक्टर निवडताना एकच प्रश्न विचारा: ‘आदल्या रात्री उपाशी ठेवायचं का?’ कुत्र्या-मांजरांना ठेवतात. सशाला उलटी होतच नाही आणि पोट रिकामं राहिलं की आतड्याची हालचाल मंदावते. ती थांबली तर ससा दगावतो. त्याच्यापुढे गवत शेवटपर्यंत हवं. उत्तर ‘हो’ आलं तर दुसरा दवाखाना बघा. कुत्र्यांवर हात बसलेला डॉक्टर सशाच्या भुलेत चुकू शकतो, यात त्याचा अपमान नाही.

वसईत अनुभवी हात मिळाला नाही तर परळला 1886 पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. आधी फोन करून चौकशी करा. सशाला घाम येत नाही, तो अंगातली उष्णता मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. त्यामुळे मे महिन्यात विरार लोकलच्या गर्दीतून त्याला नेऊ नका, डिसेंबर-जानेवारी बरा.

घरी आणल्यावर टाक्यांइतकंच लेंड्यांकडे लक्ष द्या. बारा तास काही खाल्लं नाही किंवा लेंड्या पडल्या नाहीत तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना गाठा. घरात उरलेली अमॉक्सिसिलिनची गोळी तर मुळीच देऊ नका, तोंडावाटे दिलेलं ते औषध सशाच्या जिवावर बेतू शकतं.