मोहाडी तालुक्यात छत्तीस लाख वाटा

पायी भटकायचे म्हटले की मराठी माणूस आधी उंची विचारतो. कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे ठरले. हौस आणि पैसा दोन्ही जास्त असतील तर आर्मेनिया आहे. तिथला अरागात्स ४,०९० मीटर उंच, आणि डोंगरातली जुनी खेडी जोडत देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारी पायवाट आठशे किलोमीटरहून लांब. भंडारा जिल्ह्याचे नाव या यादीत कुणी घेत नाही. भंडारा शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम अडीचशे मीटरवर. मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावी उभे राहिले तर दिसतात त्या धानाच्या बांध्या, बोड्या, तलावांच्या पाळी आणि उत्तरेला सातपुड्याची निळसर रेघ. यात मोजण्यासारखे काय, असे वाटेल. मोजायला बसले की मात्र आकडे आवरत नाहीत.

साधा बेत करू. आंधळगावाहून निघायचे आणि तालुक्यातली दहा गावे पायी पाहून परत यायचे: मोहाडी, कांद्री, जांब, हरदोली, डोंगरगाव, रोहणा, बेटाळा, वरठी, मुंढरी, करडी. कुठले गाव आधी आणि कुठले नंतर, याचे बंधन नाही. मग ही फेरी किती तऱ्हांनी करता येईल? पहिले गाव निवडायला दहा पर्याय, दुसऱ्याला नऊ, तिसऱ्याला आठ. गुणत गेले की उत्तर येते ३६,२८,८००.

हा आकडा भास्कराचार्यांच्या ओळखीचा आहे. ११५० साली लिहिलेल्या ‘लीलावती’च्या शेवटी अंकपाश नावाचे प्रकरण आहे. त्यात ते विचारतात, शंकराच्या दहा हातांतल्या दहा वस्तूंची अदलाबदल केली तर किती वेगवेगळ्या मूर्ती होतील? पाश, अंकुश, सर्प, डमरू, त्रिशूळ वगैरे दहा. उत्तर हेच, ३६,२८,८००. लगेच पुढे विष्णूचे चार हात येतात आणि त्यांचे उत्तर निघते फक्त २४. चार आणि दहा यांत असे कितीसे अंतर? पण एक उत्तर दोन डझनांचे आणि दुसरे छत्तीस लाखांचे. गणिताच्या पुस्तकात देवांना उभे करून एवढी मोठी गोष्ट दोन उदाहरणांत सांगणारा शिक्षक पुन्हा मिळणे कठीण.

आता रोज एक फेरी धरा. पन्नासेक किलोमीटरची फेरी रोज करणे कुणालाच जमणार नाही, पण हिशेबाला पाय दुखत नाहीत. पाच गावे असती तर १२० दिवसांत, म्हणजे चार महिन्यांत सगळे क्रम संपले असते. सात गावांना पावणेचौदा वर्षे लागतात. दहा गावांना ९,९०० वर्षांहून जास्त. एवढी वर्षे चालून झालेले अंतर भरते अठरा कोटी किलोमीटर. सूर्य आपल्यापासून पंधरा कोटी किलोमीटरवर आहे, म्हणजे तो मागे पडला आणि आपण अजून मोहाडी तालुक्यातच. उलट दिशेने केलेली तीच फेरी वेगळी मोजायची नाही, असा कुणी हट्ट धरला तर आकडा निम्मा करावा, माझी हरकत नाही. करडी आणि मुंढरी वैनगंगेपलीकडे आहेत, त्यामुळे यातले पुष्कळ क्रम शहाण्या माणसाने चालू नयेत असेच आहेत. नदी चारचारदा ओलांडून काय मिळवायचे?

गावे वाढवत नेली की हिशेब बेफाम होतो. एकोणिसाव्या गावाला क्रमांची संख्या एकावर सतरा शून्ये या आकड्याच्या पलीकडे जाते. ‘लीलावती’त संख्यास्थानांची जी नावे दिली आहेत त्यांतले शेवटचे, अठरावे स्थान परार्ध, ते नेमके एवढे. म्हणजे आठशे-पावणेनऊशे वर्षांपूर्वीच्या सर्वांत मोठ्या गणितीच्या संख्यानामांची यादी एका तालुक्यातल्या एकोणीस गावांत संपते. पंचविसावे गाव आले की पृथ्वीवरच्या आठशे कोटी माणसांनी रोज एकेक नवा क्रम चालून काढायचा ठरवले तरी विश्वाचे आजवरचे वय, १,३८० कोटी वर्षे, जवळपास ३८५ वेळा खर्ची पडेल.

यातली सर्वांत जवळची फेरी कोणती, हे ठरवणे त्याहून अवघड. मोठमोठे प्रश्न संगणकाने सोडवून दाखवले आहेत, पण कितीही गावे द्या, झटपट आणि अचूक उत्तर देईल अशी रीत कुणाला सापडलेली नाही. ती सापडली किंवा ती असूच शकत नाही असे सिद्ध झाले, तर या प्रश्नाच्या मुळाशी असलेल्या कोड्यासाठी अमेरिकेतल्या क्ले मॅथेमॅटिक्स इन्स्टिट्यूटने २००० साली जाहीर केलेले दहा लाख डॉलर मिळतील. गावोगाव जाणारे पोस्टमन आणि आशाताई मात्र बक्षिसाची वाट न पाहता रोज आपापल्या अंदाजाने निघतात, आणि वेळेत घरी येतात.

हे झाले कागदावरचे चालणे. आता खरेच पाऊल टाकू आणि एका पावलाला एक वर्ष धरू. पाऊल पाऊण मीटरचे. आंधळगावातून निघून भूतकाळात चाललो आहोत असे समजा. अडीचशे मीटर गेलो की साधारण १७०० साल येते. देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंदशहाच्या राजवटीत तुमसरजवळचा आंबागड उभा राहिला तो काळ. साडेसहाशे मीटरवर भास्कराचार्य ‘लीलावती’ लिहीत बसलेले भेटतील. पावणेदोन किलोमीटरवर मौर्यकाळ आणि याच जिल्ह्यातल्या पवनीचा बौद्ध स्तूप. आपण ज्याला इतिहास म्हणतो तो बहुतेक सगळा सकाळच्या फिरण्यात उरकतो. त्यानंतर वाट लांबत जाते. आपल्या जातीचा पहिला माणूस, तीन लाख वर्षांपूर्वीचा, २२५ किलोमीटरवर आहे. सह्याद्रीचा काळा पाषाण, ज्याच्या वयाचे आपल्याला भारी कौतुक, तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तिथवर पोचायला पृथ्वीभोवतीची एक प्रदक्षिणा पूर्ण करून वर आणखी नऊ हजार किलोमीटर चालावे लागते.

आणि तुमसर तालुक्यातल्या चिखला, डोंगरी बुजुर्ग इथे ज्या खडकांतून मँगनीज काढतात ते? भूशास्त्रात त्यांना सौसर गटाचे खडक म्हणतात. जमिनीच्या पोटात दाब आणि उष्णता सोसून त्यांना आजचे रूप आले त्याला शंभर कोटी वर्षांच्या आसपास झाली. शंभर कोटी पावले म्हणजे साडेसात लाख किलोमीटर. चंद्रावर जाऊन जवळजवळ परत येण्याइतके. सह्याद्रीत दुर्गभ्रमण करणाऱ्यांनी रागावू नये, पण वयाच्या बाबतीत तुमचे कडे या बुटक्या टेकड्यांपुढे कालची पोरे आहेत.

आता वर्तमानात यावे, पावसाळ्यात. इकडे झाडीपट्टीत जुलै लागला की रोवणी सुरू होते. बाया एका ओळीत वाकतात, चिखलात रोप खोचतात आणि एक पाऊल मागे सरतात. रोवणीचे सगळे चालणे उलटे असते. या चालण्याचा हिशेब कुणी मांडत नाही, म्हणून मांडतो. दोन रोपांत वीस आणि पंधरा सेंटिमीटर अंतर धरले तर चौरस मीटरला तेहतीस रोपे बसतात, एकराला १ लाख ३४ हजार. तितक्या वेळा हात चिखलात. एका बाईच्या वाट्याला दीड मीटर रुंदीचा पट्टा धरला, तर एक एकर पुरा होईपर्यंत एकूण २,७०० मीटर मागे मागे चालणे होते, कंबरेत वाकून.

आता जिल्हा घ्या. काही शेतकरी आवत्या टाकतात, म्हणजे रोवणी न करता बी फेकून पेरतात, काही ठिकाणी यंत्र आले आहे, म्हणून हात राखून एक लाख हेक्टरच धरू. रोपे होतात ३,३३३ कोटी, जगातल्या प्रत्येक माणसामागे चार. आणि उलट्या पावलांचे अंतर होते साडेसहा लाख किलोमीटरहून जास्त. विषुववृत्ताला सोळा फेऱ्या, चिखलातून, पाठमोऱ्या, आणि दर वर्षी नव्याने. मला विचाराल तर गिर्यारोहणाच्या सगळ्या विक्रमांपेक्षा हा विक्रम मोठा आहे. या हातांना मिळणारी मजुरी त्या मानाने किती, हा आकडा मात्र छाती दडपवणारा नाही, आणि तो बदलायला हवा.

आंधळगावात धागाही चालतो. हे कोसा विणणाऱ्यांचे गाव. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या किड्याच्या एका कोषातून सातशे-आठशे मीटर तंतू उकलतो, आणि असे सहा-सात तंतू एकत्र पिळले की एक धागा होतो. सहा मीटरच्या साडीला ताण्याचे सव्वादोन हजार धागे धरा, म्हणजे साडेतेरा किलोमीटर. बाण्याला जवळपास तेवढेच, आणि त्यासाठी हातमागावर धोटा अकरा-बारा हजार वेळा इकडून तिकडे जातो. एका साडीत सत्तावीस किलोमीटर धागा झाला. दमदार माणसाची दिवसभराची चाल. धाग्यात सात तंतू धरले आणि ते सुटे करून टोकाला टोक जोडले तर लांबी १८० किलोमीटरच्या पुढे जाते. भंडाऱ्याहून नागपूरला जाऊन, परत येऊन, पुन्हा नागपूरला पोचता येईल इतकी. साडीला सुबक घडी घालून कपाटात ठेवणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे आणि कोशाच्या किमतीवर घासाघीस जरा कमी करावी.

तलावांचा हिशेब थोडक्यात. पूर्व विदर्भाच्या चार जिल्ह्यांत मालगुजारी तलाव साडेसहा-सात हजारांच्या घरात. एका गावाहून दुसऱ्या गावी जाताना कुठल्या ना कुठल्या पाळीवरून पाय पडतोच. दहा हेक्टरच्या एखाद्या साध्या तलावात सरासरी दोन मीटर पाणी धरले तरी ते वीस कोटी लिटर भरते. १९५०-५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, गेली आणि तलाव सरकारकडे आले. गाळ काढायचा कुणी, हा प्रश्न तेव्हापासून आहे.

छत्तीस लाखांतली एखादी वाट चालून पाहायची असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात यावे. एप्रिल-मे महिन्यांत पारा पंचेचाळिशीला भिडतो, तेव्हा येऊ नये. मुंबई-हावडा मार्गावरचे भंडारा रोड स्टेशन वरठीतच आहे, म्हणजे यादीतले एक गाव गाडीतून उतरताच झाले. मोहाडीला चौंडेश्वरीचे देऊळ आहे. महाशिवरात्रीच्या सुमारास आलात तर सातपुड्याच्या पायथ्याला गायमुखची यात्रा भरते, तिकडे पायी जाणारी माणसे रस्ता दाखवतील. शेतातून जाताना धुऱ्यावरूनच चाला, बांधीत लाखोळीचे पीक असेल तर ते तुडवू नका, आणि पाणी सोबत जास्त घ्या.